बाज, घडीची खाट आणि सोबतीचा माणूस
(माजी विद्यार्थी स्नेहमिलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, गावातली ज्येष्ठ मंडळी आणि ज्यांची खरी नावं मला आज छातीवरचे बिल्ले वाचून कळली असे माझे वर्गमित्र, मैत्रिणी,

आयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं आपापल्या धंद्याबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. माझ्या आधी डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, संत्र्याच्या बागेबद्दल आपला एक दोस्त फार छान बोलला. माझा धंदा खाटा बनवायचा. घडीच्या खाटा, कॅम्प कॉट, आरामखुर्च्या. जेवणानंतरचं भाषण, विषय खाटेचा आणि बाहेर हे असं ऊन. कोणाचा डोळा लागलाच तर मी ते माझ्या मालाचं कौतुक समजेन.

इथे तीन नग आणून ठेवलेत. एक बाज, गावातल्याच एका घरून मागून आणलेली. दुसरी कॅम्प कॉट. तिसरी चादरीखाली झाकलेली आहे, तिच्याकडे मागाहून येतो.

बाजेपासून सुरू करतो, कारण आपण बहुतेक जण बाजेवरच वाढलो. चार खूर, चार गाते आणि अंबाडीचा दोर. खिळा एकही नाही. वाढई गात्याचं टोक खुराच्या भोकात ठोकून बसवायचा आणि सगळं घट्ट धरून ठेवायचं काम दोर करायचा. वीण उशाकडून सुरू व्हायची आणि पायथ्याच्या हातभर अलीकडे थांबायची. त्या मोकळ्या जागेत वेगळा दोर घालून सगळी वीण पायथ्याच्या गात्याकडे ओढलेली असायची. बाज झोळ झाली की तोच दोर खेचायचा, बाज पुन्हा टणक. आज परदेशी कॅटलॉगात ताण कमीजास्त करायच्या सोयीची जाहिरात ठळक अक्षरात असते. आपल्याकडे ती दर बाजेला होती आणि ते काम दहा-बारा वर्षांच्या पोराला सांगितलं जायचं. गात्याला पाय लावून दोर ओढताना हाताची सालं निघाली नाहीत असा एकही जण इथे नसेल. ढेकूण झाले की उकळतं पाणी ओतायचं, दिवसभर उन्हात उभी करायची. पाण्यानं दोर आवळतो, म्हणून ढेकूणही जायचे आणि बाजही ताठ व्हायची.

बाज घडीची नव्हती, पण फिरती होती. दिवसा भिंतीला उभी, रात्री अंगणात, पीक तयार झालं की जागलीला वावरात. आणि कोणी अडलं-नडलं की तीच बाज चार खांद्यांवर. बाळंतीण अडली, साप चावला, कोणी विहिरीत पडला, तर माणसाला बाजेवर टाकायचं आणि सडकेपर्यंत नाहीतर पुलगावच्या छोट्या गाडीपर्यंत उचलून न्यायचं. मेळघाटातून, गडचिरोलीतून पावसाळ्यात अजूनही अशा बातम्या येतात की रस्ता नाही म्हणून रुग्णाला खाटेवर उचलून नेलं. तेव्हा बाज म्हणजे आपलं पहिलं स्ट्रेचर, हे माझ्या धंद्यात मी कधी विसरत नाही. खाट कोण उचलणार आणि कोण तिच्यावर झोपणार, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. लाकूड, पाइप, कापड हे सगळं नंतर.

आता थोडं विज्ञान. सर समोर बसलेत म्हणून घाबरत सांगतो. बाज थोडी झोळ का ठेवावी लागते? दोराच्या मधोमध साठ किलो वजन टांगलं असं धरा. दोर दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर दोरावर ताण येतो ६० किलोचा. तोच दोर जास्त ताठ बांधला आणि कोन १० अंशांचाच राहिला, तर त्याच वजनाला ताण होतो सुमारे १७३ किलो. माणूस तोच, वजन तेच, ताण जवळजवळ तिप्पट. हा सगळा ताण गात्यांना आत ओढतो. म्हणून जुन्या बाजेचे लांब गाते मधे आत वाकलेले दिसतात, आणि म्हणून गात्याला सागाचा किंवा बाभळीचा सरळ नग निवडावा लागायचा. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, भाऊ, एकदम पाटासारखी ताठ खाट द्या. मी म्हणतो, देतो, पण मग पाइप जाड लागेल, खाट जड होईल आणि दुसऱ्या मजल्यावर तुम्हालाच न्यायची आहे.

कॅम्प कॉटवाल्यांनी या ताणाशी भांडण केलं नाही, त्याला कामाला लावलं. हे बघा. दोन लांब दांड्या, त्यांच्यावर चढवलेलं कॅनव्हास आणि खाली कैचीसारख्या पायांच्या तीन जोड्या. कैचीच्या मधोमध एकच पिन. वरून वजन आलं की कैचीचे पाय खाली फाकतात आणि वरची टोकंही एकमेकांपासून लांब जायला बघतात. त्यांना अडवतं कोण? हे कापड. म्हणजे कापड इथे नुसतं अंथरूण नाही, खाटेचा सांधा आहे. तुम्ही जितके जड, तितकी खाट आपोआप ताठ. कापड काढून घेतलं तर खाट उभीच राहत नाही, जमिनीवर पसरते. फौजेत ज्यांनी काढली त्यांना हिची खोड माहीत आहे: उशाची आणि पायथ्याची आडवी पट्टी बसवताना शेवटची पट्टी दोन माणसांशिवाय बसत नाही, आणि बसली तर बोटाला प्रसाद देऊन बसते.

घडीची कल्पना किती जुनी म्हणाल, तर १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर उघडली तेव्हा तिच्यात जे पलंग सापडले, त्यात एक घडीचा निघाला. तीन भागांत दुमडणारा, काशाच्या बिजागऱ्यांचा. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची वस्तू. त्या पलंगाचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघितलेत. मधल्या घडीजवळ त्या सुतारानं जादा पाय दिलेत, कारण बिजागरी मोडते ती मधेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजची स्वस्तातली लोखंडी घडीची खाट जिथे वाकते तीच ही जागा.

यानंतरची गोष्ट आपल्या देशातली आहे आणि ती आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाही. रुडकीला इंग्रजांच्या फौजेतली सॅपर्स म्हणजे इंजिनिअर लोकांची छावणी होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९८ च्या सुमारास, अधिकाऱ्यांसाठी एक खुर्ची तयार झाली. तिला रुडकी खुर्चीच म्हणतात. चार गोल पाय, त्यांना भोकं, भोकांत निमुळत्या आडव्या दांड्या, बैठकीला कॅनव्हास आणि आवळायला चामड्याचे पट्टे. पायांच्या सांध्यात खिळा नाही, सरेस नाही. सुटी केली की एक छोटी गुंडाळी. खरी गंमत पुढे आहे. सांधे पक्के नसल्यामुळे ती उंचसखल जमिनीवर चारही पाय टेकून बसते. तुमची आमची खुर्ची शेणानं सारवलेल्या अंगणात डुगडुगते, कारण ती फार पक्की असते. रुडकीची खुर्ची सैल असते आणि माणूस बसला की त्याच्याच वजनानं आवळली जाते. अगदी बाजेचंच तत्त्व: लाकूड सैल, ताण कापडाचा. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांची १९३३ ची सफारी खुर्ची सरळसरळ तिच्यावरून घेतलेली आहे, आणि १९२८ मध्ये ल कॉर्बुझिए, शार्लोत पेरियां आणि पिएर जानरे यांनी पॅरिसमध्ये केलेल्या झुलत्या पाठीच्या खुर्चीतही तिचा वंश दिसतो. चंदीगड ज्यांनी आखलं तेच हे कॉर्बुझिए. तो मूळ नमुना कोण्या कारागिरानं पहिल्यांदा लाकडातून कोरला, त्याचं नाव कुठल्याही पुस्तकात मला मिळालं नाही. अधिकाऱ्यांची नावं मात्र मिळतात.

आरामखुर्चीबद्दल फार बोलत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडात मॅकल्सफील्डच्या जॉन मूर नावाच्या माणसानं १८८६ साली घडीच्या, मागेपुढे होणाऱ्या खुर्चीचं पेटंट घेतलं; तिथून ती जहाजांच्या डेकवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर गेली, आणि आपल्याकडे ओसरीवर येऊन आजोबांची झाली. मागची दांडी खाचेत अडकवायची, एक खाच खाली केली की पेपर वाचायची, दोन खाचा खाली केली की झोपायची. कापडातली दांडी काढून ठेवून पाहुण्याला "बसा ना" म्हणणारे वीर या सभागृहात आहेत, नावं घेत नाही. त्यांच्यातला एक आज सरपंच राहून चुकलाय.

घडी म्हणजे नुसती बिजागरी नाही, हे मला आपल्याच जिल्ह्यात शिकायला मिळालं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेला असाल तर तिथला पेटीचरखा आठवा. त्या संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी खुद्द गांधीजींनी केलं. पेटीचरख्याला येरवडा चरखाही म्हणतात, कारण येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी त्याच्यावर काम केलं. आता साध्या चरख्याचं मोठं चाक पेटीत मावणार कसं? चाकाला बिजागरी लावून ते दुमडायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं घेतली. एक दुसऱ्याला फिरवतं, दुसरं चातीला. वेग तोच मिळतो आणि पेटी काखेत मारता येते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या महिन्यात वर्ध्याला पाठवतो आणि सांगतो, त्या पेटीपुढे अर्धा तास बस. वस्तू दुमडायची म्हणजे आधी तिला पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, बाई गं, तुला खरंच इतकं मोठं असायची गरज आहे का?

आणि आपल्या जिल्ह्याचाच दुसरा माणूस. बाबा आमटे १९१४ साली हिंगणघाटला जन्मले. पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं त्यांना बसणं अशक्य झालं होतं; एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तरी १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडलेली असताना, तरुणांना घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडोसाठी निघाले. पोरं सायकलींवर आणि बाबा सोबतच्या गाडीत पलंगावर आडवे. आपण खाटेला आजाऱ्याची जागा समजतो. या माणसानं खाटेवरून देश पाहिला. घडीच्या वस्तूंचं काम मला तेच वाटतं: ज्याला बसता येत नाही, ज्याच्याजवळ जागा नाही, ज्याला जावं लागतं, त्याची अडचण तिथल्या तिथे दूर करायची.

आता तिसरा नग. चादर काढतो.

माझे वडील आजारी होते तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात आम्ही अकरा रात्री काढल्या. वडिलांना पलंग होता. सोबतीला आई. आईला खाली झोपता येत नव्हतं, म्हणजे झोपता आलं असतं, पण तिच्या गुडघ्यांमुळे उठता आलं नसतं. ती अकरा रात्री लोखंडी स्टुलावर बसून होती, डोकं वडिलांच्या पायाशी टेकून. मी वऱ्हांड्यात पेपर अंथरून. माझ्या आजूबाजूला जी माणसं झोपली होती त्यात यवतमाळची होती, बैतुलची होती, आर्वी तालुक्यातलीही दोन घरं निघाली. मी त्या वेळी महिन्याला शंभर-सव्वाशे खाटा लग्नाच्या मंडपवाल्यांना आणि होस्टेलांना विकत होतो. त्यातली एकही त्या वॉर्डात चालली नसती. मी रात्री पट्टी घेऊन मोजलं. दोन पलंगांमधे जागा चार फुटांच्या आत, त्यात सलाईनचा स्टँड, आणि सिस्टरनं स्पष्ट सांगितलेलं, सकाळी डॉक्टरांच्या राउंडच्या आधी फरशीवर काही दिसायला नको.

तेव्हा ही जी समोर आहे, ती त्या वॉर्डाची खाट आहे. रुंदी पावणेदोन फूट, कारण मधून सिस्टरला जायला वाट पाहिजे. उंची पंधरा इंच. यापेक्षा खाली गेलं की म्हाताऱ्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो, आणि वर गेलं की घडी केल्यावर ती पेशंटच्या पलंगाखाली सरकत नाही. घडी केल्यावर जाडी पाच इंच. वजन सात किलोच्या आत, एका हातानं एसटीत चढवता येईल असं. बाजारच्या खाटेत मधली आडवी दांडी सरळ असते. कापड झोळ झालं की कंबर बरोबर तिच्यावर येते आणि माणूस रात्रभर कूस बदलतो. इथे ती दांडी खाली वाकवलेली आहे, पाटीच्या कडीसारखी. पाइपला बिजागरीसाठी भोक पाडलेलं नाही. मधोमध जिथे सगळ्यात जास्त जोर येतो तिथेच भोक पाडायचं म्हणजे खाट मोडायची जागा आपल्या हातानं ठरवून देणं. म्हणून पाइपच्या खाली पट्टी वेल्ड केली, भोक पट्टीला. भोकात बुश आहे, कारण नुसत्या रिवेटनं भोक घासून लांबट होतं आणि मग खाट करकरते. रात्री दोन वाजता वॉर्डात करकरणारी खाट म्हणजे तीस लोकांच्या शिव्या. कापड काढून धुता येतं. ते सुती घेतलं नाही, दवाखान्यात वाळायला वेळ नसतो. प्लास्टिकची नवार घेतली नाही, आपल्या उन्हात ती वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन तुटते.

उघडायला आणि मिटवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. बाई, तुम्ही या. हो, तुम्हीच. ही कडी वर घ्या, बास. झालं. (बाईंना एकोणीस सेकंद लागले. — संपादक)

लोक विचारतात, पेटंट घेतलं का? नाही. आणि यात नाराजी नाही, पोरांना कळावं म्हणून सांगतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की माहीत असलेल्या वस्तू, ज्या आपापलं काम नेहमीच्याच पद्धतीनं करतात, त्या नुसत्या वेगळ्या रचनेत मांडल्या तर तो शोध होत नाही. बुश जुना, पट्टी जुनी, वाकवलेली दांडी जुनी. मी त्यांची मांडणी केली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानंही भांड्यांच्या कारखान्याच्या एका खटल्यात हेच म्हटलं, की कारागीर रोजच्या कामात जी सुधारणा करतो तिच्यापेक्षा जास्त काहीतरी लागतं. पण तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला खरंच नवीन सुचलं तर गप्प बसू नका. दिसण्याची, आकाराची नोंदणी वेगळी होते आणि पेटंट वेगळं असतं, त्याची मुदत वीस वर्षं. नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाऊन विचारता येतं. एक लक्षात ठेवा: वस्तू आधी सगळ्यांना दाखवून, पेपरात फोटो छापून मग अर्ज करायला गेलात तर उशीर झालेला असतो. माझी तर आज तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर काढून घेतलीच आहे. खुशाल काढा. कोणी वेल्डर असेल त्यानं मापंही घ्यावी.

शेवटचा मुद्दा थोडा अडचणीचा आहे. शाळेला भेट म्हणून कमान बांधायची, तिच्यावर बॅचचं नाव कोरायचं, असं ग्रुपवर ठरत आलंय हे मला माहीत आहे. कमान चांगलीच दिसेल. पण माझं म्हणणं मांडतो, पटलं नाही तर सोडून द्या. या तिसऱ्या नगासारख्या बारा खाटा शाळेच्या एका खोलीत ठेवू. रोहण्यातलं किंवा आजूबाजूच्या गावातलं कोणतंही घर आर्वीला, सेवाग्रामला, सावंगीला, नागपूरला पेशंट घेऊन निघालं की एक खाट घेऊन जाईल, परत आल्यावर आणून देईल. भाडं नाही, अनामत नाही. जात, वार्ड, पार्टी विचारायची नाही. मजुरी माझी, पाइप आणि कापडाचा खर्च बॅचचा. एका नगाला माल साधारण दीड हजाराचा. सुट्टीच्या दिवशी खोलीची चावी कोणाकडे राहील, हाच खरा प्रश्न आहे, बाकीचं सोपं आहे. शाळेच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या दोन मैत्रिणींनी मघाशी जेवताना तयारी दाखवली, त्यांना विचारून घ्या. काही वॉर्डांत परवानगी देणार नाहीत, तिथे भांडू नका. मिटवलेली खाट पलंगाखाली सरकवून दाखवा, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

खाट परत आली नाही तर काय, असं आताच मागून कोणीतरी म्हणालं. दोन-तीन येणार नाहीत. ज्या घरी पेशंट परत आला नाही त्या घरी खाट मागायला जाऊ नका. मी दुसरी करून पाठवीन.

चहापर्यंत ही खाट इथेच उघडून ठेवतो. जाड माणसांनी आधी झोपून बघा. काही टोचलं, करकरलं तर चावीवाल्या मैत्रिणींच्या वहीत लिहा, बारा नग बनवायच्या आधी मला ते लागेल.